आम्ही आणि आपण

मराठी भाषेने आपणांस एक सोय करून दिली आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इंग्रज मनुष्य 'वुई' म्हणतो तेव्हा त्यात ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे नुसत्या शब्दावरून समजत नाही. मराठी माणसाला तशी पळवाट नाही. यजमान 'आम्ही आता जेवायला बसतो' असे म्हणाला, तर पाहुण्याने टोपी उचलावी. 'आपण आता जेवायला बसू' असे म्हणाला, तर त्याने हातपाय धुऊन पाटावर यावे. दोन्ही वेळा पाने तीच आणि पानांतले अन्नही तेच. फरक काय तो एका सर्वनामाचा.

गेली तीस वर्षे मी कोल्हापुरात महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत आलो आहे. सर्वनामांचा हा भेद मी वर्गात मौजेखातर अनेकदा सांगितलाही असेल. परंतु त्याची खरी किंमत मला समजली ती वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर; आणि तीही फ्लॉरेन्स शहरी, एका तसबिरी मढविणाऱ्या वृद्ध कारागिराच्या दुकानात, संत योहानाच्या उत्सवाच्या दिवशी.

मी त्या शहरी गेलो तो प्रवासी म्हणून नव्हे. माझी कन्या आणि जावई नोकरीनिमित्त तेथे राहतात. कन्येचे पहिले बाळंतपण तेथेच व्हावयाचे ठरल्यामुळे आमच्या कुटुंबाने जाण्याचा निश्चय केला, आणि साठलेली रजा खर्च करावयास याहून चांगले निमित्त मिळणार नाही, असे पाहून मीही निघालो. फेब्रुवारीत गेलो, मार्चमध्ये नात जन्मली. बाळंतिणीच्या घरात पुरुषाचा उपयोग बेताचाच असतो. परदेशात तर भाजी आणण्यापुरताही नसतो, कारण भाजीवाल्याशी बोलणार कोण? तेव्हा सकाळी उठावे, पायांत जोडे घालावेत आणि शहर पायांखाली घालावे, असा मी क्रम ठेवला.

आमचे बिऱ्हाड आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर, सांतो स्पिरितो या भागात होते. फ्लॉरेन्सचे जे वैभव पुस्तकांत वाचावयास मिळते, ते बहुतेक उत्तर तीरावर आहे. आमचा तीर पूर्वापार कारागिरांचा. सुतार, चांभार, लाकडावर सोनेरी वर्ख चढविणारे, जुन्या खुर्च्या नव्या करणारे, अशांची दुकाने अजूनही तेथे गल्लोगल्ली आढळतात. आमच्याच जिन्याखाली एक तसबिरी मढविणारे दुकान होते. मालक सत्तरी ओलांडलेला, अंगाने किडकिडीत, कानावर पेन्सिल. येताजाता मी त्याला 'बुओन जोर्नो' म्हणत असे, तोही म्हणे. चार महिन्यांत आमचा परिचय यापुढे एक पाऊलही गेला नव्हता.

हिंडता हिंडता एके दिवशी मी शहराच्या पश्चिमेस असलेल्या मोठ्या उद्यानात गेलो. त्याचे नाव ऐकून कोणाही मराठी माणसाच्या अंगावर काटा येईल. त्याला 'काशीने' म्हणतात. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ गुरांचे गोठे एवढाच. पूर्वी तेथे मेदिची घराण्याची गुरे व शेतीवाडी होती. परंतु आमच्या कोल्हापूरच्या एका राजाला अखेरची काशी घडली, ती या काशीनेतच.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास निघाले तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. विलायत पाहून परतीच्या वाटेवर ते फ्लॉरेन्सला आले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स त्या काळी इटलीची राजधानी होते, पण प्रेत जाळण्याची चाल त्या देशात नव्हती. तेव्हा खास परवानगी काढावी लागली, आणि उद्यानाच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते, तेथे रात्रीच्या अंधारात त्यांना अग्नी देण्यात आला. आमच्याकडे प्रयाग चिखलीला नद्यांच्या संगमाचे जे माहात्म्य, तेच त्या परक्या मुलखात सोबतच्या मंडळींनी शोधून काढले. प्रवासात महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत. ती कॅप्टन वेस्ट यांनी संपादून १८७२ साली लंडनमध्ये छापविली. दहनाच्या जागी १८७४ साली एक छत्री उभी राहिली. फुलर नावाच्या शिल्पकाराने केलेला महाराजांचा अर्धपुतळा तिच्याखाली आहे; आणि त्या छत्रीचा आराखडा करणारे मेजर मँट म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा यांचे आराखडे केले, तेच.

महाराजांचे नाव लावणाऱ्या कॉलेजातच मी शिकलो. ते नाव हजेरीपटावर आणि प्रशस्तिपत्रकांवर शेकडो वेळा वाचले असेल. पण त्या नावामागे वीस वर्षांचा एक मुलगा होता, हे मला त्या छत्रीखाली उभे राहीपर्यंत जाणवले नव्हते. रंगीत पुतळ्याच्या डोक्याला पागोटे, गळ्यात अलंकार, नजर नदीकडे. शेजारूनच १९७८ साली पुरा झालेला एक मोठा पूल गेला आहे. त्याला तेथील लोक 'इंदियानोचा पूल', म्हणजे हिंदी माणसाचा पूल, असे म्हणतात. हा हिंदी माणूस कोण, कोठला, याची येणाऱ्याजाणाऱ्या शेकडा नव्वद जणांना कल्पना नसावी. मला फार वाईट वाटले. घरापासून इतक्या दूर, परक्या उत्सवांच्या आणि परक्या घंटानादांच्या सोबतीत हा मुलगा दीडशे वर्षे एकटा बसला आहे, असे काहीसे मनात येऊन मी परतलो. त्या दिवशी मला जे वाईट वाटले, त्यात महाराजांबद्दलचा कळवळा किती आणि स्वतःबद्दलचा किती, हे मी अद्याप निश्चित सांगू शकत नाही.

जून उजाडला आणि शहराचे रूप पालटले. खिडक्याखिडक्यांतून निशाणे लोंबू लागली. आमच्या गल्लीत सारी पांढरी. पूल ओलांडून गेले की कोठे निळी, कोठे तांबडी, कोठे हिरवी. चौकशी करता कन्येने जे सांगितले ते असे. जुन्या फ्लॉरेन्सचे चार भाग आहेत आणि चारांचे चार रंग. सांता क्रोचे निळा, सांता मारिया नोवेल्ला तांबडा, सान जोवान्नी हिरवा, आणि नदीपलीकडचा आमचा सांतो स्पिरितो पांढरा. शहराचा रक्षणकर्ता संत योहान; त्याचा सण २४ जूनला. त्यानिमित्त या चार भागांत चेंडूचा एक जुना खेळ होतो. दोन उपान्त्य सामने आधी होतात आणि शेवटचा सामना प्रत्यक्ष सणाच्या दिवशी सांता क्रोचे चर्चच्या पटांगणात, वाळू पसरून खेळतात.

खेळ म्हणावे की युद्ध, असा प्रश्न पडावा. एकेका बाजूस सत्तावीस गडी. मैदानाच्या दोन्ही टोकांना पुऱ्या रुंदीभर जाळे. चेंडू हाताने न्या, पायाने न्या. अडविणाऱ्याला उचलून आपटा, गुद्दे हाणा. पन्नास मिनिटांत ज्याने अधिक वेळा चेंडू जाळ्यात घातला तो जिंकला. आमच्या खासबागेतील कुस्तीचे मैदान आणि शाहू स्टेडियमवरील फुटबॉल ही दोन्ही एकाच वेळी एकाच जागी भरवली तर जे दृश्य दिसेल, ते हे. १५३० च्या फेब्रुवारीत बादशहा पाचव्या चार्ल्सच्या फौजा शहराला वेढा घालून बसल्या असताना, उपासमारीतही फ्लॉरेन्सवासी त्याच पटांगणात हा खेळ खेळले. आम्ही तुम्हांला मोजीत नाही, हे शत्रूला दाखविण्यासाठी. त्या प्रसंगाला चारशे वर्षे झाली तेव्हा, १९३० साली, या खेळाचे पुनरुज्जीवन झाले. २००६ साली गड्यांची अशी हातघाई जुंपली की स्पर्धा तेथेच थांबवावी लागली आणि पुढल्या वर्षी ती भरलीच नाही.

हे सारे ऐकून मी उद्गारलो, "केवढा हा वेडेपणा! इतक्या सुधारलेल्या शहरात!"

कन्या म्हणाली, "बाबा, हे तुम्ही म्हणताय? कोल्हापूरचे?"

तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. पण मला तो लागला. कारण कोल्हापूर ज्याला ठाऊक आहे, त्याला या गोष्टीचे नवल वाटण्याचे काहीच कारण नाही. साऱ्या महाराष्ट्राला क्रिकेटने झपाटले असता आमचे गाव आपले फुटबॉल धरून बसले आहे. आणि ते शाळाकॉलेजांचे फुटबॉल नव्हे, तालमींचे. आमच्याकडे तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे. तेथेच पेठेचा गणपती बसतो, कित्येक तालमींत त्याच छपराखाली मोहरमचे पंजे बसतात, भांडणे तेथे होतात आणि तेथेच मिटतात. आणि मैदानात उतरणारा संघही तालमीच्याच नावाचा असतो. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली, त्याला आता आठ दशके होऊन गेली. पण सामन्याच्या दिवशी दोन पेठांमध्ये जी हवा असते, तिला कोणत्याही संस्थेची घटना पुरी पडत नाही.

माझा जन्म अशाच एका पेठेतला. आणि मी मात्र या सर्वांपासून दूर राहिलो.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमचे वडील शाळामास्तर. मुलगा तालमीत गेला की पुस्तकाला मुकला, असे त्यांचे ठाम मत. माझा थोरला भाऊ मात्र चोरून तालमीच्या संघातून खेळे. खेळाचा सदरा घरात ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून तो माझ्या दप्तरात राहत असे. वडील दादाचे दप्तर रोज तपासीत. माझे त्यांनी कधीही उघडून पाहिले नाही, कारण मी पहिल्या नंबराचा मुलगा. शाळा सुटली की मैदानाच्या भिंतीपाशी मी दप्तर उघडी. दादा सदरा घेई. आणि अंधार पडताना तो घामाने भिजलेला सदरा घडी करून मी पुन्हा भूगोलाच्या पुस्तकाखाली दडपी. अशी चार वर्षे गेली. पुढे एका सामन्यात दादाचा गुडघा दुखावला आणि सारे उघडकीस आले. वडील दादाला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, "तू तरी याच्यासारखा होऊ नकोस."

मी झालो नाही. दादा उद्यमनगरात लेथवर कामाला लागला. मी पदवीधर झालो, प्राध्यापक झालो, पेठ सोडून नव्या वसाहतीत बंगली बांधून राहिलो. भांडण असे कधीच झाले नाही. दिवाळीला, लग्नकार्याला जाणेयेणे होते. पण पुतण्या तालमीच्या संघाचा कप्तान झाला आणि संघाने चषक जिंकला, तेव्हा मिरवणुकीला येण्याचा दादाचा निरोप आला असता 'उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत' असे मी कळविले. उत्तरपत्रिका खरोखरच होत्या. पण त्या रात्री मी त्यांतली एकही तपासली नाही, हेही तितकेच खरे. गुलाल अंगावर पडू नये म्हणून जो मनुष्य वर्षानुवर्षे माडीवर उभा राहतो, त्याला पुढे पुढे खाली उतरावयाचा जिनाच सापडेनासा होतो.

असो. २४ जूनचा दिवस उजाडला. सकाळी मी पुलावरून उत्तर तीरावर गेलो आणि गर्दीच्या कडेला उभा राहून सारा समारंभ पाहिला. जुन्या काळचे पोशाख केलेले शेकडो लोक, ढोल, कर्णे, आकाशात भिरकावून झेललेली निशाणे, संताला अर्पण करावयाच्या मेणबत्त्या. सर्व पाहिले, आणि शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मनातल्या मनात त्याचे टिपण केले. शेजारी उभी असलेली माणसे कोणाला तरी हाका मारीत होती, हसत होती, एखादीचे डोळे पाणावत होते. मी मात्र, परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक असतो, तसा होतो: सर्वांवर नजर, आणि पेपर कोणताच नाही.

संध्याकाळी सामन्याच्या वेळी मी घरी परतलो, तो जिन्याखालच्या दुकानात दहाबारा शेजारी जमलेले. मधोमध दूरचित्रवाणीचा संच. माझी कन्या तान्ह्या मुलीला घेऊन खुर्चीवर बसलेली. तिला त्या लोकांनी केव्हाच आपल्यांत घेतली होती. म्हाताऱ्याने मला दारातूनच हाताला धरून आत ओढले आणि एका अर्धवट मढविलेल्या चौकटीशेजारी तिवईवर बसविले. त्याच्या गळ्यात पांढरा रुमाल होता. पण पडद्यावर जे दोन संघ झुंजत होते, त्यांतला एकही पांढरा नव्हता.

मी कन्येमार्फत विचारले, "आपला संघ नाही, तर हे कशासाठी पाहायचे?"

म्हाताऱ्याने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले. कन्या बाळाला थोपटीत सहजपणे मराठीत म्हणाली, "ते म्हणतात, आपण दोन आठवड्यांपूर्वीच हरलो. आता कोणाकडून हरलो ते तरी नीट पाहायला नको का?"

मी चमकलो. इटालियन भाषेलाही इंग्रजीप्रमाणेच एकच 'आम्ही' आहे. 'नोई' म्हटले की संपले. म्हाताऱ्याने क्रियापद योजले होते, त्यातून ऐकणारा आत की बाहेर, हे ठरण्याचा मार्गच नव्हता. ते ठरविले माझ्या मुलीने. मराठीत आणताना तिला एक शब्द निवडणे भाग होते आणि तिने 'आम्ही हरलो' असे न म्हणता 'आपण हरलो' असे म्हटले. त्या 'आपण'मध्ये मी आलो होतो. ज्याने तो खेळ जन्मात प्रथमच पाहिला, ज्याला सत्तावीस गड्यांपैकी एकाचेही नाव माहीत नाही, असा मी!

खेळ चालू होता. प्रत्येक वेळी चेंडू जाळ्यात गेला की तोफेचा बार होई, आणि तो पडद्यातून एकदा व नदीवरून एकदा असा दोनदा ऐकू येई. मध्येच म्हाताऱ्याने मला काही विचारले. कन्या म्हणाली, "बाबा, ते विचारताहेत, तुमच्या गावात तुमचा रंग कोणता?"

आणि असे म्हणून ती माझ्याकडे पाहू लागली. तिच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. "मला ठाऊक नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कधी सांगितलंच नाही."

परीक्षेत मी अनेकांना निरुत्तर झालेले पाहिले आहे. पण ती अवस्था आतून कशी असते, हे मला त्या क्षणी कळले. माझी मुलगी फ्लॉरेन्सच्या चारही भागांचे रंग सांगू शकत होती. आपल्या आज्याच्या पेठेचा रंग तिला माहीत नव्हता. मी डोळे मिटले. प्रथम भूगोलाचे पुस्तक दिसले. नकाशावर पडलेला ओलाव्याचा डाग दिसला. आणि मग तो सदरा. मी रंग सांगितला. तो येथे लिहीत नाही. कारण हा लेख कोल्हापुरातही वाचला जाईल, आणि रंग कळताच निम्मे वाचक तो पुढे वाचण्याचे सोडून देतील.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मी खेळत होतो काय, असे त्याने विचारले. मी म्हटले, "नाही. भावाचा सदरा मी दप्तरातून नेत असे."

त्याने यावर गंभीरपणे विचार केला. त्यांच्या संघात गड्यांखेरीज एक निशाणधारी असतो. तो खेळत नाही, पण त्याच्यावाचून संघ मैदानात उतरत नाही. "म्हणजे तुम्ही निशाणधारी होता," असा त्याने निकाल दिला. निशाण उंच धरावयाचे असते आणि मी ते पुस्तकाखाली दडपून नेत होतो, हे त्याला सांगण्याचा मला धीर झाला नाही.

बोलणे सुरू झाल्यावर मग मी त्याला काशीनेतील छत्रीची गोष्ट सांगितली. 'इंदियानो' हे त्याच्या लेखी पुलाचे नाव होते. तो माझ्याच गावचा राजा होता, वीस वर्षांचा होता, प्रवासात वारला, हे ऐकून दुकानातील मंडळी सामना विसरून माझ्याकडे वळली. एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. म्हातारा थोडा वेळ बोटे मोजल्यासारखे करीत होता. मग म्हणाला, "काशीने, म्हणजे सर्वांत जवळचा भाग सांता मारिया नोवेल्ला. अरेरे! तुमचा राजा तांबड्यांत गेला!"

सगळे खो खो हसले, आणि मीही हसलो. परंतु हसता हसता घसा दाटून आला. ज्याला मी दीडशे वर्षे एकटा बसलेला समजत होतो, त्याला या माणसाने अर्ध्या मिनिटात एका भागात, एका रंगात, एका वैरात बसवून टाकले होते. परक्याचे सांत्वन त्याच्याविषयी हळहळून होत नाही. त्याला कोठल्या तरी बाजूस घेतल्याने होते. माझ्या नातीचा निकाल तर त्याने केव्हाच लावला होता. ती नदीच्या या तीरावर जन्मली, सबब पांढरी. यात अपीलाला जागा नव्हती.

रात्री दहा वाजता नदीपलीकडे, म्हणजे आमच्याच बाजूच्या टेकडीवरून, शोभेची दारू उडू लागली. साऱ्या शहराचे लोक आर्नोच्या काठी उभे. प्रत्येक बाणाबरोबर पाण्यात दुसरा बाण उठे. आमच्या कुटुंबाला पंचगंगेच्या घाटावरील त्रिपुरी पौर्णिमेच्या दिव्यांची आठवण झाली. मी परत येताना मुलीला विचारले, "मघाशी तू 'आपण हरलो' म्हणालीस. तो तर नुसता 'हरलो' म्हणाला."

ती म्हणाली, "हो. पण ते तसंच म्हणाले."

यापेक्षा अधिक चांगले भाषांतराचे शास्त्र मी तीस वर्षांत शिकविले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वसाहतीतील माझ्या फाटकाशी दरसाल येणारी पेठेतील पोरे आठवत होती. "सर, आपल्या तालमीचा गणपती आहे," असे म्हणून ती पावतीपुस्तक पुढे करीत. मी जाळीतूनच नोट देई आणि जाळीतूनच पावती घेई. मी मराठीचा माणूस. तरीही वीस वर्षे ती 'आपल्या' म्हणत होती आणि मी 'आमच्या' असे ऐकत होतो. नवखेपणा केवळ परदेशी गेल्यानेच येतो असे नाही. जन्मगावीही तो आणता येतो. त्याला फक्त थोडी चिकाटी लागते.

सकाळी, तिकडे साडेनऊ झाले असतील असा हिशेब करून, मी दादाला फोन लावला. लेथचा आवाज ऐकू येत होता.

"काय रे, सगळं ठीक आहे न्हवं? पोरगी बरी आहे न्हवं?" त्याने घाबरून विचारले. मी सहज म्हणून फोन करीत नाही, याचा तो पुरावाच होता.

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो. "दादा, तो तुझा सदरा आहे का रे अजून?"

लेथ बंद झाल्याचे ऐकू आले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

"कुठला?"

"माझ्या दप्तरात असायचा तो."

"त्याची लक्तरं झाली रे कवाच," दादा म्हणाला. आणि थोडे थांबून, "वास येत नव्हता का तुला वर्गात?"

"येत होता."

"मग बोलला न्हाईस कधी."

यावर मला काही सुचले नाही. त्यालाही सुचले नसावे. नातीच्या मापाचा सदरा मिळतो का पाहतो, असे म्हणून त्याने फोन ठेवला आणि, मला खात्री आहे, लेथ पुन्हा सुरू केला.

आम्ही सप्टेंबरात परतलो. त्या हिवाळ्यात हंगाम सुरू झाला तेव्हा एका दुपारी मी दादाबरोबर शाहू स्टेडियमवर गेलो. तालमीतालमीच्या माणसांचे बसण्याचे कोपरे ठरलेले असतात. दादाच्या मागून पायऱ्या चढताना मला चोरट्यासारखे वाटत होते. शेजारी बसलेल्या दहाबारा वर्षांच्या एका पोराने माझ्या चष्म्याकडे व इस्त्रीच्या सदऱ्याकडे नीट पाहून घेतले आणि विचारले, "काका, कुणाकडनं?"

फ्लॉरेन्सच्या म्हाताऱ्याचाच प्रश्न. या खेपेस मला डोळे मिटावे लागले नाहीत.

त्या दिवशीचा सामना दोन गोलांनी गेला. बाहेर पडताना गर्दीत पोरे पंचाला शिव्या देत होती, म्हातारे जुन्या खेळाडूंची नावे घेत होते. मी दादाला म्हणालो, "आपण पहिल्या अर्ध्यातच हरलो होतो."

दादाने वळून माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. फाटकाशी गाडी उभी होती, तेथून त्याने भडंगाची पुडी घेतली आणि निम्मा भडंग माझ्या हातावर ओतला.